फेस बसेपर्यंत

कुरोइवा
१४ नोव्हेंबर १९७४

वन्संना नुईचा नमस्कार.

तुम्ही पाठवलेली उदबत्ती आणि सुके मासे पोचले. उदबत्ती रोज सकाळी तुमच्या भावाच्या तसबिरीपुढे लावते. मासे एकोणपन्नासाव्या दिवशी सुतक फिटल्यावर काढीन. तुमच्या कंबरेचे दुखणे मला ठाऊक आहे. अंत्यविधीला येता आले नाही, असे पुन्हा पुन्हा लिहू नका. डोंगरातला हा रस्ता धडधाकट माणसालाही सोपा नाही.

शेवटी काय झाले ते तुम्ही विचारले आहे. सांगण्यासारखे फार नाही. त्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातल्या दोन खांबांमध्ये धनुष्याच्या सात दोऱ्या ताणल्या. सातवीला दगड बांधला आणि पायरीवर बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते दोऱ्यांकडे पाहत आहेत असे मला वाटले. मी कप शेजारी ठेवून परत आले. अर्ध्या तासाने कप न्यायला गेले तेव्हा चहा तसाच होता.

त्या सात दोऱ्या मी खोपटात नेऊन तशाच ताणून ठेवल्या आहेत. वाख त्यांनी सोलला, पेड त्यांनीच जोडले, पीळही त्यांचाच. फक्त राळ चढवायची राहिली. दुपारी फटीतून वारा आला की त्या अगदी हळू गुणगुणतात. मी कामाच्या नावाखाली तिथे जाऊन बसते. परवा बसल्या बसल्या डोळा लागला आणि ते शेजारी पेंढा निवडत आहेत असे वाटले. जाग आली तेव्हा पाय गार पडले होते.

मुराकोशी येऊन गेले. तुम्ही त्यांना पाहिलेले नाही. देवळामागच्या तिरंदाजीच्या मैदानावरचे सर्वांत वयस्कर, वय एकोणऐंशी. युद्ध संपल्यापासून आमच्याकडचीच दोरी वापरतात. चुलीवर हात शेकून घेतले आणि म्हणाले, "नुईबाई, शहरातून नवी दोरी आली आहे. कारखान्याची. म्हणे तुटतच नाही."

मी म्हणाले, "मग बरेच झाले की."

"कसलं बरं! दोरी तुटत नाही म्हणजे सगळा मार धनुष्य खातं. माझं धनुष्य माझ्याएवढंच म्हातारं आहे. आमच्या दोघांतलं एक त्या दोरीनं आधी मोडेल. योसाबुरोची एक दोरी द्या. दहा मार्चला हंगामाचा पहिला नेम आहे. त्याच्या नावानं दोन बाण सोडायचेत."

देईन म्हणाले. आणि ते गेल्यावर मला कळले, की मी देऊ शकत नाही.

राळ न लावता दोरी राहिली तर थंडी सरताच वाखाचे पेड सुटतात, पावसात बुरशी येते. मग ती दोरी राहत नाही, सुतळी होते. मार्चच्या आत त्या सातांवर राळ चढली पाहिजे. आणि राळ उकळणे मला येत नाही.

घराची रीत तुम्हाला माहीत आहेच. राळ मुलाला सांगायची, मुलाने लग्नानंतर बायकोला सांगायची, परक्या घरी जाणाऱ्या लेकीला नाही. मी या घरात आले त्याला सव्वीस वर्षे झाली. सुरुवातीला दर वर्षी विचारत असे. ते म्हणत, "पुढच्या हिवाळ्यात सांगतो." मग मी विचारणे सोडले. माझ्यात काय उणे होते ते आता विचारता येणार नाही. पण मामंजी कधी तुमच्यासमोर काही बोलले असतील, तुमच्या काही कानावर असेल, तर कळवा. चुकून ऐकलेलेही चालेल.

आणखी एक लिहिते, राग मानू नका. तुम्ही दर डिसेंबरात मुळ्याच्या लोणच्याची बरणी पाठवत होता, ती मला कधी चाखायला मिळाली नाही. ते ती सरळ खोपटात नेत. विचारले की म्हणत, "ताईचं लोणचं तुला सोसायचं नाही." आभार म्हणून मी सुकी पर्सिमन फळे पाठवत राहिले, चव न घेताच.

आणि त्यांची तुम्हाला जाणारी कार्डे मीच टपालात टाकत असे. उघडी असल्याने वाचलीही जात. प्रत्येकात एक ओळ, तीही हवेची. 'पिंपावर बोटभर बर्फ.' 'तीन दिवस कोरडा वारा.' ना तुमची चौकशी, ना माझे नाव. भावाबहिणीचे फारसे पटत नसावे, असे मी इतकी वर्षे धरून चालले. आता ते नाहीत म्हणून विचारते, तसे होते का?

नुई


शिओत्सु
२३ नोव्हेंबर

नुईस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. आमचे हे म्हणाले, "मोठ्यानं वाच, मलाही ऐकू दे." मी म्हटलं, बायकांचं पत्र आहे, तुम्ही जाळी शिवा.

राळेचं मला काय ठाऊक असणार? तूच लिहिलंस ना, लेकींना सांगत नाहीत. बाबा राळ उकळायला बसले की आम्हाला ओढ्यावर धुणी धुवायला पाठवायचे, धुणी नसली तरी. माझे हात त्यानं फुटायचे आणि योसाबुरो मला म्हणायचा, "ताई, तुझे हात माशाच्या खवल्यांसारखे झालेत, तुला कोळ्याच्याच घरी देतील." दिलंच शेवटी. त्याची जीभ काळी होती.

खोपटात जुनी राळ काही उरली आहे का बघ. असली तर तीच हातावर गरम करून लाव. नसली तर त्या मुराकोशींना सांग की नाही जमत. ऐंशी वर्षांच्या माणसाला नकार ऐकायची सवय असते.

भावाबहिणीचं पटत होतं की नाही हे मी काय सांगू. तो कमी बोलायचा, मी लांब होते.

यंदा लोणचं घातलेलं नाही. मन लागलं नाही.

तुझ्याकडे थंडी किती आहे? पाणी गोठतं का अजून, की नुसतं दव? दोऱ्या हाताला कोरड्या लागतात की दमट? सहज विचारते.

तोवा


कुरोइवा
२० डिसेंबर

वन्संना नमस्कार.

एकोणपन्नासावा दिवस नीट झाला. पाच माणसे होती. मासे काढले, चांगले होते.

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. पिंपावर बर्फ बोटभर नव्हे, दोन बोटे असतो. दोऱ्या कोरड्या आहेत, कानाशी नेल्या तर करकरतात. आता त्या सात नाहीत, सहा आहेत. एक मी घालवली.

जुनी राळ तळाला खरवडण्याइतकीच होती. म्हणून शहरातून पाइनची राळ मागवली आणि तिळाच्या तेलात उकळली. फेस वर आला, मला वाटले झाली, भांडे उतरवले. रंग चांगला मधासारखा आला होता. दोरीवर चढवली, पेंढ्याच्या चकतीने तासभर घासली, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. सकाळी जाऊन पाहिले तर जखमेवरची खपली निघावी तशी राळ तुकड्यांनी खाली पडली होती. तिच्याबरोबर वाखही तुटून आला. त्यांनी पीळ दिलेला वाख. मी ते तुकडे झाडले नाहीत. खोपट त्या दिवशी तसेच बंद केले.

नंतर आवराआवर करताना बाकाखाली तुमच्या बरण्या मिळाल्या. सगळ्या एका ओळीत, धुतलेल्या. झाकणावर तुमच्या अक्षरात 'मुळा' लिहिलेले. उघडून वास घेतला तर आत राळेचा वास! लोणचे संपल्यावर त्यांनी तुमच्या चांगल्या बरण्यांत राळ भरून त्या खराब केल्या आहेत. क्षमा असावी. दोनदा उकळत्या पाण्याने धुतल्या, वास जात नाही.

खोपटामागे, जिथे मी कधी जात नाही, तिथे पालापाचोळ्याखाली भांडी सापडली. लोखंडी, तळाला राळ जळून दगडासारखी झालेली. मी नऊ मोजली, पुढे मोजली नाहीत. काही गंजून पातळ झाली होती, एक अगदी नवे होते. ज्यांची राळ पाच गावांत नावाजलेली होती, त्यांच्याकडे जळकी भांडी एवढी कशी?

दुसरे म्हणजे, राळेच्या दिवशी ते खोपटाचे दार आतून लावून घेत. चार-चार तास. मी बाहेरून पाहत असे, तर धुराड्यातून धूर येत नसे. मला वाटे, धूर न करता राळ उकळायची, हीच ती या घराची विद्या. इतकी वर्षे मी तसेच समजत होते, वन्सं. पण मी स्वतः उकळली तेव्हा खोपटातच नव्हे, घरभर धूर झाला. कावळे उडून गेले.

मुराकोशी सकाळी दारावरून गेले. मला म्हणाले, "नुईबाई, भुवया कुठे गेल्या?" मी हात लावून पाहिले, उजवी अर्धी जळली होती. "राळ का?" म्हणाले. मी हो म्हणाले. "योसाबुरोच्या भुवया मात्र कायम जाडच्या जाड होत्या," असे म्हणाले आणि हसत पुढे गेले. मी त्यावर दिवसभर विचार केला.

तुम्हाला काही माहीत आहे का? मी आता राळेबद्दल विचारत नाही. त्यांच्याबद्दल विचारते.

नुई


शिओत्सु
२९ डिसेंबर

नुई,

बरण्या धुऊ नकोस. त्यांत लोणचं कधी नव्हतंच.

हे लिहायला मी चार दिवस घेतले. आमच्या ह्यांनी मला पाटावर बसवलं आणि म्हणाले, "लिही आता, नाहीतर मी लिहीन, आणि माझं अक्षर तुला माहीत आहे."

योसाबुरोला राळ येत नव्हती. कधीच आली नाही.

तो सोळा-सतरा वर्षांचा असताना बाबांनी त्याला शिकवायला घेतलं. वळायला तो बाबांपेक्षाही सरस होता, पीळ देताना त्याची बोटं दिसायची नाहीत. पण राळ जाळायचा. दर वेळी. त्याला धीर नव्हता असं नाही, धीर फार होता. विस्तवापुढे बसला की तो कुठेतरी निघून जायचा. डोळे उघडे, पण स्वारी दुसरीकडेच. भांडं पेटलं की परत यायचा. बाबांनी मारलं, समजावलं, एका हिवाळ्यात तर त्याच्या मनगटाला दोरी बांधून दुसरं टोक स्वतःच्या हातात धरलं. काही उपयोग झाला नाही.

माझ्या लग्नाआधीच्या हिवाळ्यात बाबांनी मला धुणी धुवायला पाठवलं नाही. म्हणाले, "बस इथे. तू उकळ." मी म्हटलं, "मी तर जाणार." म्हणाले, "म्हणूनच. तू गेल्यावर मी आहे तोवर मी करीन. मी गेल्यावर तू पाठव. पोराची लाज राख." एवढंच. रीत मोडली असं त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, मीही नाही.

युद्धावरून तो आला, घर पुन्हा सुरू केलं, तेव्हापासून मी पाठवते आहे. अठ्ठावीस हिवाळे. तुझं लग्न ठरलं तेव्हा तो इथे आला होता, एकदाच. या अंगणात उभा राहून म्हणाला, "ताई, हिला सांगू नकोस. मला जमेपर्यंत. जमलं की मी स्वतः सांगीन तिला, रीतीप्रमाणे."

तेव्हा ते 'पुढच्या हिवाळ्यात सांगतो' काय होतं ते तुला आता कळलं असेल. तो तुला टाळत नव्हता. दर वर्षी शिकायला बसायचा, तू शेतावर किंवा बाजारात गेलीस की. खोपटामागची भांडी मोज पाहिजे तर, सव्वीस तरी भरतील. त्यातलं नवं आहे म्हणतेस ते गेल्या हिवाळ्यातलं. मला त्यानं लिहिलं होतं, 'या वेळी फेसापर्यंत पोचलो.' ते कार्ड पाकिटातून आलं होतं, म्हणून तू वाचलं नाहीस.

आणि हवा. वेडे, ती हवा माझ्यासाठी होती. राळ गारठ्यात कडक होते, म्हणून थंडी जास्त तर तेल जास्त. मी समुद्रकाठी, इथे बर्फ मुलांनी पाहिलेला नाही. तुमच्या पिंपावर किती बर्फ आहे ते कळल्याशिवाय मी तेल किती घालू? त्याच्या एका ओळीवर मी मापं ठरवायची. तुझं नाव त्यात नसायचं, कारण तुझं नाव लिहिलं की त्याला लाज वाटायची, हे मला माहीत आहे. तो तुझ्यापासून लपवत होता ना.

दार लावून तो काय करायचा? माझी राळ कोमट करून ठेवायचा आणि झोपायचा गं. मी विचारलं होतं. म्हणाला, "चार तास बसावं लागतं, नाहीतर नुईला शंका येईल. बसून करू काय?"

रागाव. मी नोव्हेंबरात तुला खोटं लिहिलं, त्यालाही रागाव. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कधी सुटतो ते मला ठरवता येईना.

तुला मी यंदा बरणी पाठवणार नाही. पाठवली तर तू ती लावशील आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बरणीची वाट बघशील, आणि मी बासष्ट वर्षांची आहे. तुला शिकवते.

दोन बोटं बर्फ म्हणजे राळेच्या दहा भागांना तेल चार भाग. लाकूड नको, कोळसा, तोही राखेनं झाकलेला. बांबूच्या काडीनं एकाच दिशेनं ढवळ. फेस वर येईल. सगळे तिथेच उतरवतात, तूही तेच केलंस. उतरवू नकोस. विस्तव काढूही नकोस, फुंकूही नकोस. बस. फेस आपणहून खाली बसला पाहिजे. दोन तासही लागतात. मग गार पाण्यात एक थेंब टाक, बोटांत धरून ओढ. काचेसारखा तुटला तर तेल कमी. चिकट राहिला तर अजून वेळ. केसासारखा लांबला आणि मग तुटला, की झाली.

बाबांनी लेकीला सांगितलं. लेक सुनेला सांगते आहे. रीतीत हे बसतं की नाही, ते वर गेल्यावर बाबांशी भांडू.

तोवा


कुरोइवा
९ फेब्रुवारी १९७५

वन्संना नमस्कार.

सहा आठवडे उत्तर दिले नाही. तुम्ही रागाव म्हणालात, तशी रागावले. तुमच्यावर थोडी, त्यांच्यावर फार. मी काही मोठे मागितले नव्हते. 'मला येत नाही' एवढे ते म्हणाले असते तर मी शेजारी बसून भांड्यावर लक्ष ठेवले असते. त्यात लाज कसली? जानेवारी पुष्कळसा यातच गेला. तसबिरीपुढे उदबत्ती लावत होते, पण तिकडे बघत नव्हते.

मग एक दिवस बर्फ खूप पडला आणि बाहेर काही काम उरले नाही. मी खोपटामागे गेले, बर्फ बाजूला करून ती भांडी मोजली. सव्वीस नाहीत, एकतीस आहेत. काही वर्षी त्यांनी दोनदा प्रयत्न केलेला दिसतो.

त्यातलेच नवे भांडे घासून घेतले आणि राळ टाकली.

पहिले भांडे जळले. दुसऱ्याचा थेंब काचेसारखा तुटला. तिसऱ्या वेळी फेस बसायची वाट बघताना मी त्यांच्यासारखीच कुठेतरी निघून गेले. फेस सोनेरी असतो आणि आतून उजेड आल्यासारखा हलतो. बाहेर सगळे पांढरे, कसलाच आवाज नाही. बघता बघता आपण बसलो आहोत हेच विसरायला होते. ते कुठे जात असतील ते मला थोडेसे दिसले, असे वाटले. तिथे काही वाईट नव्हते. तेवढ्यात धूर आला आणि तिसरेही गेले.

चौथ्या वेळी मी बोलत बसले. मोठ्याने. त्यांनाच. सव्वीस वर्षांत जे बोलायचे राहिले ते सगळे, रागाचेही. बोलणाऱ्या माणसाला कुठे जाता येत नाही. एक तास पन्नास मिनिटांनी फेस बसला. थेंब पाण्यातून काढून ओढला, केसासारखा लांबला, लांबत राहिला, आणि मग तुटला.

सहाही दोऱ्या झाल्या. राळ चढवून चकतीने घासताना दोरी इतकी तापते की हात भाजतो. मग एका क्षणी चकतीखालचा खरखरीतपणा जातो, राळ आत उतरते. त्यांचा पीळ बोटांखाली जाणवत होता. कुठे त्यांनी श्वास घेतला, कुठे थांबले, तेही कळते असे वाटत होते. चार दिवस लागले. मधे थंडी वाढली, पण खपली पडली नाही.

काल मुराकोशी दोरी न्यायला आले. नखाने टोचून पाहिली, वास घेतला. "हीच," म्हणाले. मी सांगायचे ठरवले नव्हते, पण सांगितले. राळ त्यांची कधीच नव्हती, दर वर्षी शिओत्सुहून येत असे, आणि ही माझी आहे.

ते दोरी बोटांवरून फिरवत राहिले. मला वाटले, आता दोरी परत ठेवतील. मग म्हणाले, "प्रत्येक बाणाआधी मी मनात या घराला नमस्कार करतो. म्हणजे अठ्ठावीस वर्षं अर्धा नमस्कार चुकीच्या पत्त्यावर गेला."

"परत मागवता येतो का?" मी विचारले. मला स्वतःचेच नवल वाटले, मी थट्टा केली म्हणून.

"बघू," म्हणाले. "पोस्टात ओळख आहे माझी."

नुई


कुरोइवा
११ मार्च

वन्सं,

काल नेम झाला. मी कुंपणाबाहेर उभी होते. मुराकोशींनी त्यांच्या नावाने दोन बाण सोडले. दुसरा लागला, पहिला लक्ष्याच्या वरून गेला. दोरी दोन्ही वेळा वाजली. मैदानावरचे सगळे एकदम तिकडे बघू लागले, म्हणजे ती हवी तशी वाजली असणार.

मुराकोशींनी एक प्रश्न विचारायला सांगितला आहे. तुमच्या राळेच्या दोरीचा आवाज तुम्ही ऐकला आहे का?

नुई


शिओत्सु
१७ मार्च

नुई,

नाही.

लहानपणी बाबांच्या दोऱ्या ऐकल्या, त्यांवरची राळ बाबांची. माझी सुरू झाली तेव्हा मी इथे होते. इथे धनुष्य कोण वापरतं? मासे काही बाणानं मरत नाहीत. योसाबुरोला मी एकदा विचारलं होतं. त्यानं लिहिलं, 'आवाज ठीक.' त्याच्याकडून एवढंच निघायचं.

तू लिही ना. कसा आवाज होता? जाड की बारीक? आधी कसा आणि मग कसा? घाई नाही, नीट आठवून लिही. मी वाट बघते.

तोवा


कुरोइवा
२५ मार्च

वन्सं,

चार कागद फाडले. मला लिहिता येत नाही. शाळेत मला गणितात चांगले गुण होते, निबंधात कधी नव्हते. मुराकोशींना विचारले, तुम्ही सांगा. ते म्हणाले, "सांगायचं काय त्यात, वाजवायचं."

आम्ही ५ एप्रिलला निघतो. दुपारच्या गाडीने शिओत्सुला पोचू. धनुष्य पाच हात लांब आहे आणि बसमध्ये मावत नाही, म्हणून स्टेशनपासून चालत येऊ. ते म्हणतात, वाटेत पाच वेळा बसावे लागेल. त्यांना मऊ भात लागतो. मला काहीही चालते.

नुई


शिओत्सु
९ एप्रिल

नुईस आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोचलात ना? मुराकोशींचा खांदा कसा आहे? त्यांना सांग, आमच्या ह्यांनी बाण मारलेला पेंढ्याचा तो भारा अजून वाळूतून हलवलेला नाही. भोकं मोजत बसतात.

त्या दिवशी तुझ्यापुढे जे तोंडातून निघालं त्याची मला लाज वाटते. तुम्ही एवढ्या लांबून आलात, म्हाताऱ्या माणसानं माझ्यासमोर वाकून नमस्कार केला, धनुष्य उचललं, आणि पहिला बाण सुटल्यावर मी म्हणाले, "एवढाच?"

पण खरं सांगते, मला आवाज मोठा वाटला होता. अठ्ठावीस हिवाळे मी तो मनात ऐकत होते. मनात तो देवळाच्या घंटेएवढा झाला होता. आणि हा तर कुणी दुसऱ्या खोलीत चिमटीनं एक तार सोडावी तेवढा. मुराकोशी हसले म्हणून बरं. "बाई, एवढाच असतो. पुन्हा ऐकता?"

दुसऱ्या वेळी समुद्र जरा गप्प होता. तेव्हा मला कळलं की तो सुटल्यावर लगेच संपत नाही. वाळूवरून जातो, आणि गेल्यावरही जिथे होता ती जागा तशीच राहते. मी "पुन्हा" म्हटलं. मग किती वेळा म्हटलं ते तुलाच ठाऊक. ते दर बाणानंतर खांदा चोळायला लागले तरी मी म्हणतच होते. तू माझी बाही ओढलीस तेही कळलं होतं, मी मुद्दाम लक्ष दिलं नाही.

तेराव्या वेळी दोरी तुटली तेव्हा तू तोंडावर हात घेतलास. मी तुझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, तू रडशील. शेवटच्या सहांतली ती एक. पण मुराकोशी दोन्ही तुकडे ओंजळीत घेऊन म्हणाले, "बरोबर जागी तुटली, धनुष्याला काही झालं नाही," आणि तू लगेच कमरेची पिशवी सोडून दुसरी काढून दिलीस. हातही थांबला नाही तुझा. तेव्हा मला वाटलं, योसाबुरोनं बायको चांगली केली होती. त्याला सांगायला हवं होतं तुला. मी म्हणते, हवं होतं.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी जाळ्यांवर बायका जमल्या होत्या. शेजारची ओशिमे म्हणाली, "तोवाबाई, परवा तुमच्याकडे काय वाजत होतं? सारखं सारखं?"

तुला सांगते, दर वर्षी राळ उकळताना मी त्यांना सांगत आले, की गुडघ्यांचं औषध करते. आमच्या ह्यांनीही कधी तोंड उघडलं नाही. परवाही तसंच काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "ती आमच्या माहेरची धनुष्याची दोरी. राळ माझ्या भावजयीनं लावली. उकळायची मी शिकवली तिला. आधी मीच उकळायची."

ओशिमेनं मान वर केली. "म्हणजे ते गुडघ्यांचं औषध?"

"राळ होती ती."

"अहो, मी दोन हिवाळे तुमच्याकडून मागून नेऊन चोळली ती!"

"मग? गुण आला की नाही?"

"आला ना! म्हणून तर विचारते."

सगळ्या इतक्या हसल्या की जाळं हातातून सुटलं. मीही हसले. मग हसणं ओसरल्यावर ओशिमेनं सहज विचारलं, "आणि दोरी वळली कुणी?"

मी म्हटलं, "माझ्या भावानं. वळायला त्याच्यासारखा दुसरा नव्हता."

नुई, हे मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. वळण्याचं कौतुक केलं की राळ कुणाची, हा प्रश्न येईल, म्हणून त्याचं नावच काढायची नाही. चाळीस वर्षं इथल्या लोकांना मला भाऊ आहे हेही नीट माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, काय नाव त्याचं? मी सांगितलं. कसा होता? मी सांगायला लागले, तर दुपार झाली, आणि कुणी उठलं नाही.

तोवा